अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्ससाठी कोल्हापुरात शिकवणीचे सर कसे शोधावेत

कोल्हापुरात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचा क्लास शोधायला फारसे कष्ट पडत नाहीत. राजारामपुरीत एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाईपर्यंत चार पाट्या दिसतात. पण मुलीचा सी प्लस प्लसचा प्रोग्रॅम अडला, किंवा मुलाला ८०८५ मायक्रोप्रोसेसरमधलं अक्षरही कळेना झालं, की पालक गोंधळतात. कॉम्प्युटरचे म्हणून जे क्लास दिसतात त्यातले बरेच टॅली, एमएस-सीआयटी, नाहीतर नोकरीसाठीचे कोर्स शिकवतात. बारावीच्या पेपरशी त्यांचा संबंध येत नाही. या विषयाला योग्य माणूस शहरात मिळतो, फक्त त्याच्याकडून नेमकं काय हवंय हे आधी तुम्हाला सांगता आलं पाहिजे. म्हणून सुरुवात फोनाफोनीने करू नका. मुलाची वही आणि पुस्तक घेऊन बसा.

पायरी १ : विषयाचं नेमकं नाव आणि पेपर

घरात सगळे ‘कॉम्प्युटर’ म्हणतात, पण त्या एका शब्दाखाली चार-पाच वेगळे विषय आहेत आणि एकाचा शिक्षक दुसऱ्याला चालतोच असं नाही.

राज्य मंडळाच्या सायन्समधला बायफोकल कॉम्प्युटर सायन्स हा विषय २०० गुणांचा. दुसरी भाषा आणि आणखी एक विषय, बहुतेकदा बायोलॉजी, सोडून तो घेतात. त्याचे लेखी पेपर दोन, प्रत्येकी ५० गुणांचे, आणि प्रात्यक्षिकाला १०० गुण. बारावीच्या पहिल्या पेपरात ऑपरेटिंग सिस्टिम, डेटा स्ट्रक्चर्स, सी प्लस प्लस आणि एचटीएमएल येतं. दुसऱ्या पेपरात ८०८५ मायक्रोप्रोसेसरची रचना आणि त्याचं प्रोग्रॅमिंग, एक्स-८६ मालिकेची ओळख, ८०५१ मायक्रोकंट्रोलर आणि नेटवर्किंग. म्हणजे पहिला पेपर सॉफ्टवेअरवाल्याचा आणि दुसरा सरळ इलेक्ट्रॉनिक्सवाल्याचा. शोधाची निम्मी दिशा इथेच ठरते आणि नेमकी हीच गोष्ट पालकांच्या नजरेतून सुटते.

राज्य मंडळाचाच आयटी हा विषय निराळा. तो १०० गुणांचा, त्यातली ८० गुणांची परीक्षा कॉम्प्युटरवर आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक. सायन्सच्या बारावीला त्यात एचटीएमएल ५, सीएसएस, जावास्क्रिप्ट आणि पीएचपी असतं. यासाठी वेबसाइट बनवणारा माणूस हवा. त्याला ८०८५ माहीत नसलं तरी काही बिघडत नाही.

सीबीएसईचा कॉम्प्युटर सायन्स, विषय क्रमांक ०८३, पायथॉन आणि एसक्यूएलवर उभा आहे. लेखी ७० गुण, प्रात्यक्षिक ३०. त्याच मंडळाचा इन्फर्मेटिक्स प्रॅक्टिसेस, क्रमांक ०६५, हा विषय पायथॉनच्या पांडाज लायब्ररीकडे झुकतो. आयएससीला जावा आहे, शिवाय बुलियन बीजगणित आणि के-मॅप.

चालू वर्षाचा अभ्यासक्रम मंडळाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्या, दोन पानांवर छापा आणि मुलाला पेन देऊन प्रत्येक धड्यापुढे तीनपैकी एक खूण करायला सांगा: येतं, वाचून येईल, अजिबात कळत नाही. शिकवणी फक्त तिसऱ्या खुणेसाठी. ऑपरेटिंग सिस्टिमच्या व्याख्या आणि नेटवर्किंगचे फरक लिहा हे प्रश्न नोट्स आणि मागच्या पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिकांवर सुटतात. त्यासाठी कुणाला घरी बोलावून पैसे देऊ नयेत.

पायरी २ : घरच्या घरी पाऊण तासाची चाचणी

मुलाला ‘काय अडतंय?’ असं विचारलं तर उत्तर ‘सगळंच’ असं येतं. ते खरं नसतं. साधारण दोन जागी गाठ बसलेली असते आणि बाकीचं सगळं तिच्यामुळे अडलेलं असतं. ती गाठ शोधायला पुढचे पाच प्रश्न कागदावर द्या. तुम्हाला प्रोग्रॅमिंग येत नसलं तरी तपासता यावेत म्हणून उत्तरंही दिली आहेत.

पहिला प्रश्न: ४५ ही संख्या बायनरीत आणि हेक्साडेसिमलमध्ये लिही. उत्तर १०११०१ आणि २डी. हे चुकलं तर ८०८५ सुरू करण्यात अर्थ नाही, आधी संख्यापद्धतीवर दोन तास घालवावे लागतील.

दुसरा: बेरीज शून्य धरून लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवताना, ‘आय’ ही बदलती संख्या घेऊन तो आय १ पासून ५ पर्यंत चालवायचा, दर फेरीला बेरजेत आय मिळवायचा. लूप संपल्यावर बेरीज किती, आणि सी प्लस प्लसमध्ये आय किती? बेरीज १५, आय ६. आय ५ असं बरीच मुलं सांगतात. लूप थांबतो तो अट खोटी झाल्यावर आणि अट खोटी व्हायला आय ६ व्हावाच लागतो, हे त्यांच्या डोळ्यांसमोर कधी घडलेलं नसतं. पायथॉनच्या मुलाला हाच प्रश्न रेंज लावून द्या. तिथे आय ५ वरच राहतो, आणि का राहतो हे सांगता आलं तर लूप नीट कळलाय.

तिसरा: पाच संख्यांतली सर्वांत मोठी शोधणारा प्रोग्रॅम लिही. लिहून झाला की त्याला उणे ७, उणे ३, उणे १२, उणे ९, उणे ५ या संख्या देऊन हाताने चालवायला सांगा. उत्तर उणे ३ यायला हवं. प्रोग्रॅम शून्य सांगत असेल तर मुलाने सुरुवातीची मोठी संख्या शून्य धरली आहे. पहिलीच संख्या मोठी धरून पुढे जायला हवं होतं. ही चूक फार बोलकी आहे: मुलाला ओळी पाठ आहेत, पण त्या का लिहायच्या हे कुणी विचारलेलं नाही.

चौथा: जर्नलमध्ये लिहिलेला बबल सॉर्टचा प्रोग्रॅम चढत्या क्रमाऐवजी उतरत्या क्रमाने लावून दे. तुलनेचं एकच चिन्ह उलटायचं आहे. जो मुलगा पान नव्याने लिहायला घेतो किंवा अडून बसतो, त्याचं जर्नल फळ्यावरून उतरलेलं आहे.

पाचवा कॉम्प्युटरवर. सी प्लस प्लसच्या चालत्या प्रोग्रॅममधला एक अर्धविराम त्याच्या नकळत काढून टाका आणि चूक शोधायला सांगा. कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम तपासून चालवण्याजोगा करणारं सॉफ्टवेअर, बहुधा पुढच्या ओळीवर बोट ठेवतो, कारण आधीचं वाक्य संपलेलं नाही हे त्याला तिथे पोहोचल्यावर कळतं. मुलगा दाखवलेल्या ओळीतच दहा मिनिटं खोदत बसला, तर त्याला चुकीचा संदेश वाचायला शिकवणारा माणूस हवा आहे.

पहिले तीन सुटले आणि चौथा-पाचवा अडला तर सरावाची कमतरता आहे. सहा ते आठ बैठकांत काम होतं. दुसराच अडला तर पाया कच्चा आहे, बारा ते पंधरा बैठका धरा. पाचही नीट सुटले आणि तरी गुण कमी असतील, तर अडचण बहुधा वेळेची, इंग्रजीत उत्तर लिहिण्याची किंवा दुसऱ्या पेपरची आहे.

पायरी ३ : कुणाला शोधायचं

पहिल्या पेपरासाठी, म्हणजे सी प्लस प्लससाठी, बीसीएस, बीसीए, एमसीए किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या वरच्या वर्षाचा विद्यार्थी पुरेसा असतो, आणि अनेकदा मोठ्या क्लासपेक्षा बरा. त्याला स्वतःला काय अडलं होतं ते अजून आठवत असतं. दुसऱ्या पेपरासाठी इलेक्ट्रॉनिक्सचा पदवीधर, एमएस्सी इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी किंवा ई अँड टीसीचा अभियंता शोधा. आजच्या कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलाने ८०८५ ला कधी हात लावलेलाच नसेल, यात त्याचा दोष नाही. दोन्ही पेपर एकाच माणसाकडे मिळाले तर उत्तम. नाही मिळाले तर दोन माणसं सहा-सहा बैठकांसाठी ठेवणं हे एकाला वर्षभर ठेवण्यापेक्षा चांगलं.

सीबीएसईच्या पायथॉनसाठी माणूस सर्वांत सोपा मिळतो. तिथे अडचण उलटी आहे: पायथॉन येणारे पुष्कळ, पण त्यांना बारावीच्या पेपरात फाइल हाताळणी, स्टॅक आणि पायथॉनची मायएसक्यूएलशी जोडणी किती खोलात विचारतात हे माहीत नसतं. त्यांना मंडळाची नमुना प्रश्नपत्रिका आधी पाठवा.

आणि एमएस-सीआयटी शिकवणारे सर कितीही चांगले असले तरी तो संगणक साक्षरतेचा कोर्स आहे. त्यावरून प्रोग्रॅमिंग येतं असं धरू नका.

पायरी ४ : कोल्हापुरात शोधायच्या जागा

पहिली जागा मुलाचंच कॉलेज. विषय शिकवणाऱ्या सरांना किंवा मॅडमना प्रात्यक्षिकाच्या तासाला भेटा आणि दोन प्रश्न विचारा: मुलाचं नेमकं काय कच्चं आहे, आणि मागच्या वर्षी या विषयात चांगले गुण घेतलेल्या कुणाचा निरोप पोहोचवता येईल का. त्या सरांनाच शिकवणीसाठी गळ घालू नका. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ ने शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई केली आहे. तो कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणाचा असला, तरी जे सर तुमच्या मुलाच्या प्रात्यक्षिकाचे गुण देणार त्यांनाच फी देणं कोणत्याही इयत्तेत गैर आहे.

दुसरी जागा शिवाजी विद्यापीठ. संगणकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स हे दोन्ही अधिविभाग एकाच आवारात आहेत, त्यामुळे दोन्ही पेपरांची माणसं एका फेरीत भेटू शकतात. कार्यालयात विचारून सूचना फलकावर चिठ्ठी लावता येते का पाहा आणि वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्यांपर्यंत ती पोहोचवायची विनंती करा. बाहेरगावहून आलेले विद्यार्थी शिकवणीला तयार असतात. सागरमाळ, राजारामपुरी, राजेंद्रनगर या बाजूला राहणाऱ्यांना हे फार सोयीचं पडतं. बावड्याच्या बाजूला राहत असाल तर तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली मुलं, उजळाईवाडी किंवा गोकुळ शिरगावच्या बाजूला असाल तर केआयटी इंजिनिअरिंग कॉलेजची मुलं जवळ. फुलेवाडीहून विद्यापीठापर्यंत आठवड्यातून दोनदा संध्याकाळच्या गर्दीत पाठवाल, तर महिन्याभरात दांड्या सुरू होतील. येण्या-जाण्यात एका बाजूला वीस मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील, तर एक बैठक समोरासमोर आणि एक ऑनलाइन असा मेळ घाला.

तिसरी जागा राजारामपुरी, शाहूपुरी आणि मंगळवार पेठेतले सायन्सचे क्लास. काहींकडे बायफोकलची बॅच असते. तिथे बॅचमध्ये मुलं किती, आणि मुलागणिक कॉम्प्युटर आहे का, एवढं आधी बघा. फळ्यावर प्रोग्रॅम लिहून देणाऱ्या वीस जणांच्या बॅचमध्ये तुमच्या मुलाचा अर्धविराम कुणाला दिसणार नाही.

कॉलेजांजवळची झेरॉक्सची दुकानं, सोसायटीचे व्हॉट्सॲप गट आणि स्थानिक वृत्तपत्रांतल्या छोट्या जाहिराती यांचाही उपयोग होतो, पण मजकूर नेमका हवा. ‘कॉम्प्युटरसाठी होम ट्यूशन हवी’ असं लिहिलं तर टायपिंग शिकवणाऱ्यांपासून सगळ्यांचे फोन येतात. असं लिहा:

‘बारावी सायन्स, राज्य मंडळ, बायफोकल कॉम्प्युटर सायन्स. पेपर दोनसाठी, विशेषतः ८०८५ प्रोग्रॅमिंगसाठी शिकवणारे सर किंवा मॅडम हवेत. आठवड्यातून दोन वेळा, दीड तास, सायंकाळी सहानंतर, प्रतिभानगर परिसरात. एकूण दहा बैठका. मराठीतून समजावता यावं. पहिल्या बैठकीची फी दिली जाईल. पालकांशी संपर्क साधावा.’

नंबर पालकांचाच द्यायचा. मुलीचा किंवा मुलाचा नंबर फलकावर लावू नका.

पायरी ५ : फोनवरची दहा मिनिटं

पदवी, अनुभव, कुठे राहता हे झालं की एक विषयाचा प्रश्न विचारा. तुम्हाला उत्तर पूर्ण कळायची गरज नाही. समोरचा माणूस ते कसं सांगतो ते ऐका.

सी प्लस प्लससाठी असा प्रश्न: ‘८ चा फॅक्टोरियल काढणारा एकच प्रोग्रॅम घरी ४०,३२० दाखवतो आणि कॉलेजच्या जुन्या टर्बो सी प्लस प्लसवर उणे २५,२१६. असं का?’ जुन्या टर्बोत इंट, म्हणजे पूर्णांक ठेवायची जागा, १६ बिटांचा असतो, त्यात ३२,७६७ च्या पुढे आकडा मावत नाही आणि तो उलट्या बाजूने ऋण होऊन येतो. घरच्या नव्या कंपायलरवर इंट ३२ बिटांचा. ज्याने मुलांना खरंच शिकवलंय त्याला हे पटकन सांगता येतं.

हा प्रश्न मुद्दाम निवडला आहे, कारण टर्बो आणि नवा कंपायलर यांच्यातला फरक हे या विषयातलं मोठं दुखणं आहे. मंडळाच्या पद्धतीच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आयओस्ट्रीमच्या नावापुढे डॉट एच असतं, मेनच्या आधी व्हॉइड असतं आणि पडदा पुसायला सीएलआरएससीआर. नव्या कंपायलरला हे चालत नाही. तिथे डॉट एच काढून नेमस्पेस लिहावं लागतं आणि मेन इंट लागतो. कॉलेजात चाललेला प्रोग्रॅम घरी वीस चुका दाखवतो आणि आपल्यालाच काही येत नाही असं मुलाला वाटू लागतं. शिकवणारा दोन्ही जाणणारा हवा आणि पहिल्याच दिवशी हा फरक वहीत लिहून देणारा हवा.

८०८५ साठी विचारा: ‘एलडीए २०५० ही सूचना प्रयोगशाळेतल्या ८०८५ च्या किटवर भरताना कोणते तीन बाइट टाकायचे?’ उत्तर ३ए, ५०, २०. पत्त्याचा खालचा बाइट आधी जातो. २० आधी आणि ५० नंतर सांगणाऱ्याने किट कधी हाताळलेलं नाही. प्रयोगशाळेत मुलांचा प्रोग्रॅम न चालण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे, त्यामुळे इथे सूट देऊ नका.

सीबीएसईसाठी: ‘पायथॉनमध्ये इनपुटने ५ आणि ३ घेतले आणि बेरीज ५३ आली, मुलाला कसं समजावाल?’ इनपुट नेहमी मजकूर देतो, त्याचा आकडा करावा लागतो, हे उत्तर सगळेच देतील. जो ‘आधी त्याला दोन्हींचा प्रकार छापून बघायला सांगेन’ म्हणतो, तो शिक्षक.

याशिवाय एवढं विचारा: बैठकीत कीबोर्ड कोणाच्या हातात असतो, परीक्षेच्या काळात तुमच्या स्वतःच्या परीक्षा आहेत का, आणि यापूर्वी शिकवलेल्या एका पालकाशी बोलता येईल का. इंजिनिअरिंगच्या मुलांच्या सत्र परीक्षा नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास येतात आणि नेमकी तेव्हाच तुमच्या मुलाची पूर्वपरीक्षा जवळ आलेली असते. हे आधी बोलून ठेवलं नाही तर ऐन वेळी शिकवणी बंद पडते.

पायरी ६ : पहिली बैठक, पैसे देऊन

फुकट डेमो मागू नका. फुकट डेमोत माणूस आपलं सर्वांत चांगलं भाषण करून दाखवतो. एका बैठकीची पूर्ण फी द्या आणि तिसऱ्या पायरीच्या आधी घेतलेल्या चाचणीतला मुलाचा चुकलेला प्रश्न समोर ठेवा. तुम्ही त्याच खोलीत, थोडं बाजूला बसा.

कीबोर्ड आणि पेन मुलाच्या हातात किती वेळ आहे ते घड्याळावर पाहा. दीड तासातला किमान एक तास असायला हवा. पडद्यावर चूक आली की शिकवणारा स्वतः दुरुस्त करतो की ‘हा संदेश मोठ्याने वाच, कोणती ओळ म्हणतोय?’ असं विचारतो, ते पाहा. दुसऱ्या प्रकारचा माणूस तासाला दोनच प्रोग्रॅम पूर्ण करील, पहिल्या प्रकारचा सहा करील. दुसरा निवडा. लूप शिकवताना तो कागदावर रकाने आखतो का तेही बघा: एका रकान्यात आयची किंमत, दुसऱ्यात बेरीज, दर फेरीला एक ओळ. याला ड्राय रन म्हणतात आणि मराठी माध्यमातून किंवा सेमी इंग्रजीतून आलेल्या मुलाला भाषेचा अडसर न येता लूप कळायला याच्याइतकं दुसरं साधन नाही.

भाषेबद्दलही एक अपेक्षा स्पष्ट सांगा. समजावणं मराठीतून, संज्ञा जशाच्या तशा, आणि दर बैठकीत एक तरी सैद्धांतिक उत्तर मुलाने इंग्रजीत लिहून दाखवायचं. इनहेरिटन्स म्हणजे वारसा हे डोक्यात बसलं तरी पेपरात चार ओळी इंग्रजीतच लिहायच्या असतात. दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलंसुद्धा इथे गुण घालवतात.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. शिकवणारा नसताना, वही बंद करून, कालचा प्रोग्रॅम मुलाला कोऱ्या कागदावर लिहायला सांगा. लिहिता आला आणि एक बदल करून दाखवता आला, तर माणूस ठरवा.

पायरी ७ : फी आणि चिठ्ठी

किमान तिघांची फी विचारा आणि सगळ्यांची तासाच्या हिशेबात मांडा. समजा एका क्लासची वर्षाची फी १८,००० आहे आणि आठवड्याला दोन तास, असे ३० आठवडे भरतात. ६० तास झाले, म्हणजे तासाला ३००, आणि तेही वीस मुलांत वाटलेला तास. घरी येणारा विद्यार्थी तासाला याहून जास्त सांगेल, पण तुम्हाला त्याचे १५ ते २० तासच लागणार आहेत. आकडे समोर मांडल्याशिवाय हे दिसत नाही. दोन-तीन मुलांनी मिळून बैठक घेतली तर फी वाटली जाते, मात्र तिघांची गाठ एकाच धड्यात असेल तरच. एकाला पॉइंटर आणि दुसऱ्याला लूप अडत असेल तर दोघांचंही नुकसान.

वर्षाची फी एकदम भरू नका. चार बैठकांची फी, चार झाल्यावर. मोठ्या क्लासला प्रवेश घेत असाल तर केंद्र सरकारने जानेवारी २०२४ मध्ये काढलेल्या कोचिंग केंद्रांच्या मार्गदर्शक सूचना दाखवा. पूर्ण फी भरून मध्येच क्लास सोडल्यास उरलेल्या काळाची फी १० दिवसांत परत करावी असं त्यात म्हटलं आहे. फी परतीचा नियम पावतीवर लिहून घ्या.

घरगुती शिकवणीलाही एक चिठ्ठी असावी, व्हॉट्सॲपवर लिहिलेली चालते: कोणते धडे, किती बैठका, वार आणि वेळ, फी, रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं. ओळखपत्राचा फोटो मागायला संकोच करू नका. बैठक हॉलमध्ये किंवा उघड्या दाराच्या खोलीत, घरात कुणी मोठं असताना घ्या.

पायरी ८ : घरातली तयारी

सी प्लस प्लस, पायथॉन किंवा ८०८५ च्या सिम्युलेटरला महागडा लॅपटॉप लागत नाही. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप चालतो. कोडब्लॉक्स, पायथॉनचं आयडल आणि जीएनयूसिम ८०८५ ही तिन्ही मोफत आहेत आणि पहिल्या बैठकीच्या आधी बसवून ठेवा, नाहीतर पहिला तास त्यातच जातो. लॅपटॉप नसेल तर मोबाइलवर ऑनलाइन कंपायलर चालतो, पण मोबाइलच्या कीबोर्डवर कंस आणि अर्धविराम शोधण्यात मूल वैतागतं. ओटीजी केबल लावून साधा कीबोर्ड जोडा, फरक लगेच कळेल.

एक १०० पानी वही फक्त चुकांसाठी ठेवा. चार रकाने: तारीख, पडद्यावर आलेला संदेश, कारण, दुरुस्ती. महिन्याभरात तेच पाच-सहा संदेश परत परत येताना दिसतात: एका बरोबरच्या चिन्हाऐवजी दोन हवी होती, ॲरेचा क्रमांक शून्यापासून मोजला नाही, फॉरच्या ओळीनंतर अर्धविराम पडला, ५ भागिले २ चं उत्तर २ आलं. ही वही प्रात्यक्षिकाच्या आदल्या रात्री कोणत्याही गाइडपेक्षा जास्त कामाची.

पायरी ९ : वेळापत्रक, पावसासकट

शिकवणी जूनच्या अखेरीस सुरू झाली तर बरी. कोल्हापूरला जुलै-ऑगस्टचा हिशेब वेगळा धरावा लागतो. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली, की चिखली, आंबेवाडीकडची मुलं शहरात येऊ शकत नाहीत आणि शहरातले सर तिकडे जाऊ शकत नाहीत. २०१९ आणि २०२१ मध्ये तर महामार्गही बंद पडला होता. म्हणून या दोन महिन्यांत वीज-इंटरनेट नसतानाही करता येईल असं काम आधीच आखून घ्या: ड्राय रन, संख्यापद्धती, ८०८५ च्या सूचनांचे ओपकोड आणि कागदावर लिहायचे प्रोग्रॅम. पुढे गणपती आणि नवरात्र येतात, तिथे एकेक आठवडा जाणार हे धरूनच बैठका मोजा.

बारावीसाठी डिसेंबरपर्यंत प्रोग्रॅमिंग संपलेलं हवं. प्रात्यक्षिकं साधारण जानेवारीच्या शेवटापासून आणि लेखी परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. त्या वेळी मुलांच्या डोक्यात सीईटी आणि जेईई असते आणि सीईटीत हा विषय नसल्यामुळे तो मागे टाकला जातो. प्रात्यक्षिकाचे गुण मात्र तयारी असलेल्याला हमखास मिळतात.

शिकवणाऱ्याकडून जर्नल लिहून घेऊ नका, सीबीएसईचा प्रकल्पही करून घेऊ नका. ०८३ च्या ३० गुणांत लॅब टेस्टला १२, प्रकल्पाला ८, फाइलला ७ आणि तोंडीला ३ आहेत. विकतच्या प्रकल्पाचे ८ गुण वाचवायला जाल आणि ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ या परीक्षकांच्या पहिल्याच प्रश्नावर मूल गप्प होईल.

पायरी १० : चौथ्या बैठकीनंतर

दुसऱ्या पायरीतली चाचणी आकडे बदलून पुन्हा घ्या. ४५ ऐवजी ५८ द्या, उत्तर १११०१० आणि ३ए. लूप १ ते ५ ऐवजी २ ते ६ करा, बेरीज २०, आय ७. सर्वांत मोठीऐवजी सर्वांत लहान संख्या शोधायला सांगा आणि सगळ्या धन संख्या द्या. शून्य उत्तर आलं तर तीच जुनी चूक अजून आहे. पाचपैकी एकही जास्त प्रश्न सुटला नसेल तर शिकवणाऱ्याशी मोकळेपणाने बोला, कागद दाखवा आणि पुढच्या दोन बैठकांत फक्त तेवढंच घ्यायला सांगा. त्यानंतरही फरक नसेल तर बदला. बदलताना झालेल्या बैठकांचे पैसे चुकते करा, मुलाने केलेले प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घ्या आणि चुकांची वही नव्या शिक्षकाच्या हातात द्या, म्हणजे त्याला पहिल्यापासून चाचपडावं लागणार नाही.

एक धोक्याची खूण लक्षात ठेवा. मुलगा शिकवणीच्या दिवशी खूश आहे, प्रोग्रॅम भराभर होत आहेत, पण मधल्या दिवसांत तो लॅपटॉप उघडतच नाही. अशा वेळी काम शिकवणारा करतोय. दर बैठकीनंतर दोन प्रोग्रॅमचा गृहपाठ, एक कागदावर आणि एक कॉम्प्युटरवर, आणि पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं तो तपासण्यात, एवढा नेम शिकवणाऱ्याकडून बांधून घ्या.

शेवटची बैठक प्रात्यक्षिकाच्या दहा-बारा दिवस आधी ठेवा आणि ती शिकवण्यासाठी वापरू नका. शिकवणाऱ्याने परीक्षकासारखी चिठ्ठी काढायची, मुलाने कॉलेजात असेल त्याच कंपायलरवर प्रोग्रॅम लिहून चालवायचा, मग पाच तोंडी प्रश्न. जे अडेल ते चुकांच्या वहीत तारखेसकट लिहायचं आणि उरलेल्या दिवसांत मुलाने ते एकट्याने सोडवायचं.